ठकीच्या आईला सगळं दिसतं

सूचना आली तेव्हा ठकीची आई ठकीलाच बघत होती. ऑफिसच्या टेबलावर, मॉनिटरच्या पायाला टेकवून ठेवलेल्या फोनवर पाळणाघराची मोठी खोली दिसत होती. खोलीत चटया, चटयांवर मुलं आणि कोपऱ्यात लाल बादलीत पाय घालून उभी असलेली ठकी. बादलीत घातलेला पाय आपला आपण निघत नाही हे ठकीला आजवर बऱ्याचदा कळलं होतं आणि तरी दर वेळी नव्याने कळायचं.

"काढा कुणीतरी तिला," ठकीची आई पुटपुटली.

"बादली का?" शेजारच्या सहकाऱ्याने मान वर न करता विचारलं.

तेवढ्यात मॉनिटरवर ती सूचना उघडली. कंपनीच्या नेटवर्कची राखण हे तिचं काम. कुठल्या यंत्रात कसली खोट निघाली हे यंत्र बनवणारे कळवतात, ती वाचते, आपल्याकडे ते यंत्र आहे का बघते आणि असलं तर दुरुस्तीचं अपडेट टाकते. आजची खोट नेटच्या एका पेटीतली होती. पेटी म्हणजे राउटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकाच डब्यात. छोट्या दुकानांत, दवाखान्यांत सर्रास दिसते. त्या पेटीचा सगळा कारभार, कॅमेरे बघण्यासकट, जिथून चालतो त्या पानाला, म्हणजे तिच्या अॅडमिन कन्सोलला, भोक पडलं होतं. कन्सोलच्या पत्त्यापुढे ठराविक अक्षरं जोडली की ते पासवर्ड विचारायचं विसरतं आणि सरळ आत घेतं. आत शिरलेल्याला मग पेटीत साठवलेलं सगळं वाचता येतं आणि हवा तो हुकूम देता येतो. ताबडतोब अपडेट करा आणि कन्सोल बाहेरच्या इंटरनेटवरून उघडा ठेवू नका, असं जाड अक्षरांत लिहिलं होतं.

"आपल्याकडे असल्या पेट्या आहेत?" साहेबांनी लांबूनच विचारलं.

"गोदामात एक आहे. तिचा कन्सोल बाहेरून दिसत नाही. तरी अपडेट टाकून घेते."

टाकून झालं. काम नीट झाल्याचं छोटंसं समाधान घेऊन तिने फोनकडे पाहिलं. ठकी बादलीतून निघाली होती, कुणी काढली कोण जाणे. आणि ठकीच्या डोक्याच्या वर, पानाच्या निळ्या पट्टीत, त्याच पेटीवाल्यांचं चिन्ह होतं. ते चिन्ह ती रोज बघत होती, पण ठकीची आई म्हणून. नेटवर्कवाली म्हणून आज पहिल्यांदा बघितलं.

तिने पान तळापर्यंत सरकवलं. पेटीची आवृत्ती तिथे बारीक अक्षरांत लिहिलेली होती. जुनी. इतकी जुनी की ठकी तेव्हा जन्मलेलीही नव्हती.

संध्याकाळी ठकीला न्यायला गेल्यावर तिने पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या ताईंना गाठलं. ताई मोठ्या होत्या वयाने आणि आवाजाने. एका काखेत एक मूल, दुसऱ्या हाताने दुसऱ्याची बटणं लावणं, असं त्यांचं चाललं होतं.

"ताई, तुमच्या नेटच्या पेटीत खोट निघालीय."

"चालू आहे की. सकाळपासून एकदाही बंद पडली नाही."

"बंद पडायची खोट नाही हो. बाहेरचं कुणीही त्या पेटीत शिरू शकतं. कॅमेरे बघू शकतं."

"असं कसं? पासवर्ड आहे ना."

"पासवर्ड न टाकताच शिरता येतं."

"पण पासवर्ड मी कुणाला देतच नाही." ताईंनी बटण लावून झालेल्या मुलाला पुढे ढकललं. "पालक सोडून."

"पालकांना कसा दिलात?"

"ग्रुपवर. वरती पिन करून ठेवलाय, सापडायला बरा."

ठकीच्या आईने डोळे मिटून घेतले. तो पिन केलेला पासवर्ड तिनेही पहिल्याच दिवशी तिथूनच उचलला होता आणि सोय झाली म्हणून मनातल्या मनात आभारही मानले होते.

"ताई, असं समजा, पुढच्या दाराला भारीतलं कुलूप आहे. पण दाराशेजारी भिंतच नाही. तर कुलपाचा काय उपयोग?"

ताईंनी दाराशेजारच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत होती. तिच्यावर सशाचं चित्रही होतं.

"मग आपण पासवर्ड मोठा करू," ताई म्हणाल्या. "तुम्हीच सुचवा एखादा अवघड."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने पेटी बसवणाऱ्याचा नंबर घेतला. ग्रुपवर त्याला सगळे जोडणीवाले दादा म्हणत. दादा सज्जन निघाले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

तिच्या अंगावरचं ओझंच उतरलं. "मग अपडेट टाकाल ना?"

"अपडेट कशाला? चालू वस्तूला हात लावायचा नाही. टाकताना पेटी बसली तर तसली दुसरी माझ्याकडे नाही. मग सगळे मलाच धरणार."

"बरं, निदान कन्सोल बाहेरून बंद करा. आणि सगळ्या पालकांकडे मालकाचं खातं का आहे? बघण्यापुरतं पाहुण्याचं खातं असतं की."

"होतं. पण पाहुण्याच्या खात्यावर एका वेळी मोजक्याच लोकांना दिसतं. मग पालकांची भांडणं. याला दिसतं, मला का नाही? मालकाच्या खात्याला तसलं काही नाही, कितीही जण बघा. म्हटलं, घ्या बाबांनो, व्हा सगळेच मालक. तेव्हापासून एक तक्रार नाही."

"दादा, तक्रार मी करतेय."

"तुम्ही पहिल्याच."

"बंद कराल का मग?"

"ताईंनी सांगितलं तर लगेच."

तिने ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, पालकांची हरकत नसेल तर लगेच. तिने ग्रुपवर लिहिलं, जमेल तेवढं सोपं करून, एकही इंग्रजी शब्द न घालता. मग जुळ्यांच्या आईने विचारलं, म्हणजे आता पोरं दिसणार नाहीत का? एकाने लिहिलं, दादांना विचारा. वकील बाबांनी, म्हणजे ज्यांची मुलगी सगळ्यांना चावते त्या वकिलांनी, लिहिलं की मुलांना बघणं हा पालकांचा हक्क आहे. त्या वाक्याला इतके अंगठे आले की तिचा मूळ निरोप वर सरकून दिसेनासा झाला.

घरी तरी कुणी ऐकेल म्हणावं, तर घरचं निराळंच.

"बघून बघून काय बघणार लोक?" नवरा म्हणाला. तो ठकीला भरवत होता. म्हणजे घास ठकीच्या समोर धरून स्वतः तोंड उघडत होता. "शेंबडी पोरं. आपल्याला आपली गोड वाटतात म्हणून."

"कपडे बदलतात त्यांचे त्या खोलीत. झोपतात तिथे. कुठल्या मुलाला कोण नेतं, किती वाजता नेतं, मागचं दार कधी उघडं असतं, सगळं दिसतं. आणि त्या पेटीतच आपले फोन नंबर भरून ठेवलेत."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "नंबर कशाला?"

"दार वाजलं की निरोप जावा म्हणून."

"हे आधी सांगायचं ना."

"मी दोन दिवस दुसरं काय सांगतेय?"

सासूबाई पलीकडे टॅब घेऊन बसल्या होत्या. मुलं घरी गेल्यानंतरची रिकामी खोली बघत. ठकी पाळणाघरात जायला लागल्यापासून त्यांचा दिवस त्या टॅबवरच जायचा. ठकीचं नाक वाहिलं की त्या तिथल्या मावशींना फोन करून पुसायला लावत. आता त्यांची माया ठकीपुरतीही उरली नव्हती. कुणाचं पांघरूण सरकलं तरी त्या फोन करत, आणि मावशींनी त्यांचा नंबर 'आकाशवाणी' या नावाने साठवलाय असं ठकीच्या आईच्या कानावर आलं होतं.

"आई, हे बंद करावं लागेल," तिने जरा दबकतच म्हटलं.

"कर की. मी कुठे नाही म्हणते?" सासूबाई टॅबवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. पोरीवर लक्ष ठेवायला एक मी होते. करा बंद."

खरं म्हणजे कन्सोल बंद करणं तिलाही अशक्य नव्हतं. मालकाचं खातं तिच्याकडेही होतंच. पण दुसऱ्याच्या पेटीत न विचारता हात घालायचा नाही हा तिच्या कामातला पहिला नियम; तो मोडणाऱ्यांपासून राखण करण्याचाच तिला पगार मिळत होता. म्हणून सकाळी ठकीला सोडताना तिने पुन्हा ताईंना धरलं. ताईंच्या खांद्यावर कुणीतरी नुकतंच दूध ओकलं होतं.

"करा बाई, काय करायचं ते करा," ताई खांदा पुसत म्हणाल्या. "माझं डोकं खाऊ नका."

याला परवानगी म्हणता येत होतं. तिने तिथेच उभं राहून फोनवरून कन्सोलचा बाहेरचा रस्ता बंद केला. अपडेटला मात्र ताई तयार होईनात. दादा असल्याशिवाय नको म्हणाल्या. तर तेवढं नंतर, असं ठरवून ती ऑफिसला पोचली. टेबलापाशी बसेपर्यंत ग्रुप पेटला होता. दिसत नाही. मलाही नाही. काय झालं? ताई फोन उचलत नाहीत. माझी मुलगी तापातून उठलीय हो. आणि मग एका चष्मेवाल्या मुलाचे बाबा, ज्यांना सगळे चष्मा बाबा म्हणत, त्यांचा निरोप: 'डबा विसरला म्हणून पाळणाघरात आलोच होतो. वायफायवरून आत गेलो. कुणीतरी एक सेटिंग चुकून बंद केलं होतं. चालू केलंय. आता बघा.'

टाळ्यांचे हात आले. फुलं आली. जुळ्यांच्या आईने लिहिलं, चष्मा बाबा, तुम्ही होता म्हणून.

ठकीच्या आईने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग सुलटा केला, कारण ठकी रडत होती का ते बघायचं होतं. मग हे आपण काय करतोय हे कळून पुन्हा पालथा ठेवला. सहकारी तिच्याकडे बघत होता.

"बादली का?"

"तू गप्प बस."

शेवटी ताईंनीच वैतागून शनिवारी सगळ्या पालकांना बोलावलं. बैठक त्याच मोठ्या खोलीत. खुर्च्या मुलांच्या. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. मुलं आतल्या खोलीत मावशींकडे. ठकीची आई तयारीने आली होती. समजावून, उदाहरणं देऊन, भिंतीची गोष्ट सांगून झालं होतं. आता दाखवायचं, असं तिने ताईंना आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. ताईंनी आपला जुना फोन दिला. या फोनवर पाळणाघराचं वायफाय नव्हतं आणि पासवर्ड तर कधी टाकलेलाच नव्हता.

"हे बघा," ती म्हणाली. तिने पत्ता टाकला, पुढे ती अक्षरं जोडली आणि फोन सगळ्यांकडे वळवला.

फोनवर खोली दिसली. खोलीत छोट्या खुर्च्यांवर बसलेले ते सगळे, वरून, टकलांसकट. एकाने नकळत डोक्यावरून हात फिरवला, फोनमधल्यानेही फिरवला.

झालं, पटलं एकदाचं, असं तिला वाटलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

वकील बाबांनी घसा साफ केला. "म्हणजे तुम्हाला पासवर्ड लागत नाही."

"कुणालाच लागत नाही."

"पण आम्हाला हे करता येत नाही. तुम्हाला येतं."

"अहो, कुणालाही येईल. जगजाहीर आहे ते. पेटीवाल्यांनीच छापलंय."

"आम्ही नाही वाचलं. तुम्ही वाचलं." वकील बाबा इतरांकडे वळले. कोर्टात वळत असावेत तसेच. "मी आरोप करत नाही. फक्त काय आहे ते सांगतोय."

जुळ्यांची आई छोट्या खुर्चीत जमेल तेवढी ताठ झाली. "ठकीची आई, कधीपासून येतं हो तुम्हाला हे?"

"कधीपासून म्हणजे? या आठवड्यात सूचना आली तेव्हापासून."

"त्याआधी येत नव्हतं, हे आम्ही कसं समजायचं?"

"त्याआधी मी तुमच्यासारखाच पासवर्ड टाकत होते. पासवर्ड तुमच्याकडेही आहे, माझ्याकडेही. सगळ्यांना सगळ्यांची मुलं आधीपासूनच दिसतायत."

"ते वेगळं," चष्मा बाबा म्हणाले. "ते आपापसात."

तिने खोलीभर नजर फिरवली. इतके दिवस ती ज्याच्याबद्दल बोलत होती त्या माणसाला तोंड नव्हतं. कुठला तरी, कुठून तरी शिरणारा. त्याला कोण घाबरणार? रात्रीच्या बातम्यांत असली माणसं रोज येतात आणि बातम्या संपल्या की जातात. आता मात्र त्या माणसाला तोंड मिळालं होतं. ते तिचं होतं, आणि सगळे त्याच्याकडे टक लावून बघत होते. कालपर्यंत जिच्याकडून कुणी मुलांना पुसायचे ओले कागद उसने मागून घ्यायचं, तिच्याकडे.

शपथ घ्यायला तिने तोंड उघडलं. ठकीची शपथ, मी कधी चोरून बघितलं नाही. शब्द जिभेवर आले होते. ते बाहेर पडले असते तर काय झालं असतं हेही तिला स्पष्ट दिसलं: दोघा-तिघांचा विश्वास बसला असता, उरलेल्यांनी सोडून दिलं असतं, पासवर्ड मोठा केला असता, आणि पेटी जशीच्या तशी उघडी.

तिने तोंड मिटलं. मग सावकाश म्हणाली, "खरं आहे. मला दिसतं."

खोलीत चुळबुळ झाली.

"तुमचा धाकटा," ती जुळ्यांच्या आईला म्हणाली, "रोज थोरल्याची बाटली पिऊन टाकतो आणि रिकामी बाटली त्याच्या हातात नेऊन ठेवतो. तुम्ही समजता थोरला चांगलं दूध पितो."

"हे तुम्हाला कसं..." जुळ्यांच्या आईचा चेहरा उतरला.

"दिसतं. चष्मा बाबा, तुम्ही मुलाला न्यायला येता तेव्हा आधी त्याच्या डब्यातली उरलेली बिस्किटं खाता. मग त्याला हाक मारता."

चष्मा बाबांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"पण हे तर सगळ्यांनाच दिसतं की," मागून कुणाचे तरी आजोबा म्हणाले. "मीही बघितलंय. बिस्किटं तर मी रोज बघतो."

आजोबांकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि वकील साहेब, तुमची मुलगी कुणाला आधी चावते आणि कुणाला नंतर, तेही मला माहीत आहे."

"हे बंद झालं पाहिजे," वकील बाबा उठले. उठताना खुर्ची त्यांच्याबरोबर उठली, ती त्यांनी मागे हात घालून सोडवली. "ताबडतोब. या बाई कुठूनही, कधीही आपल्या मुलांकडे बघू शकतात."

"आपण पासवर्ड बदलू," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, पासवर्ड बदलून काय होणार?" वकील बाबांचा आवाज चढला. "त्यांना पासवर्ड लागतच नाही. तुम्हाला कळत कसं नाही? कुलूप लावलंय, पण भिंतच नाही, असा प्रकार आहे हा."

ठकीच्या आईने खाली चटईकडे पाहिलं. ते वाक्य तिने ग्रुपवर टाकलं होतं, अंगठ्यांच्या जरा वर. कुणीतरी वाचलं होतं तर.

"मग पेटी बाहेरून बंदच करायला लागेल," जुळ्यांची आई म्हणाली.

"तुम्हाला दिसणार नाही मग," ताईंनी आठवण करून दिली.

"नाही दिसलं तरी चालेल. पण यांना दिसता कामा नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं एकमत त्या खोलीत पूर्वी कधी झालं नसेल. मुलांना उशी कुठल्या रंगाची आणावी यावरही झालं नव्हतं. ताईंनी जोडणीवाल्या दादांना फोन लावला आणि सुट्टीचा वार वगैरे काही न ऐकता बोलावून घेतलं.

दादा आले, चपलांच्या कपाटावरची पेटी खाली काढली, धूळ झटकली आणि जमलेल्या गर्दीकडे बघून बावरले. "कुणी सांगितलं? ताईंनी का पालकांनी?"

"दोघांनी," वकील बाबा म्हणाले. "आणि ते अपडेट का काय असतं, तेही टाका. आणि एकेकाला मालक करून ठेवलंय ते काढा. मालक फक्त ताई."

"चालू वस्तूला..." दादांनी सुरुवात केली.

"टाका," चार-पाच जण एकदम म्हणाले.

दादांनी टाकलं. पेटीचे दिवे गेले. सगळे श्वास रोखून बघत राहिले. दादा मनातल्या मनात काहीतरी म्हणत असावेत, ओठ हलत होते. मग एक दिवा लागला, मग बाकीचे. पेटी सुखरूप उठली. दादांनी कपाळ पुसलं आणि ठकीच्या आईकडे बघून हळूच म्हणाले, "उठली हो." तेवढ्यापुरते ते दोघे एकाच बाजूचे होते. मग त्यांनाही आपण कुणाशी बोलतोय हे आठवलं असावं, ते वायर गुंडाळायला लागले.

ठकीच्या आईने ताईंच्या जुन्या फोनवर पुन्हा तो पत्ता टाकला, तीच अक्षरं जोडली. पान उघडलं नाही. फोन तिने ताईंना परत दिला.

नंतर ती आतल्या खोलीत ठकीचं सामान गोळा करत असताना बाहेर तिच्याबद्दल ठरत होतं. एकीचं म्हणणं होतं की तिच्या मुलीला इथे ठेवूच नये. त्यावर ताईंचा मोठा आवाज आला: पोरीने काय केलंय? पोरगी राहील. शेवटी असं ठरलं की इतर पालक आतपर्यंत येतील, ठकीच्या आईने मात्र चपलांच्या कपाटापाशी थांबायचं.

"तू गुन्हा कबूल केलास?" घरी नवऱ्याने विचारलं.

"मी काही कबूल केलं नाही. नाही म्हटलं नाही, एवढंच."

"पण त्यांना वाटतंय..."

"वाटू दे." ती ठकीचे कपडे घड्या न घालताच कपाटात कोंबत होती. "भोक बुजलं ना. खरं सांगून सांगून माझ्या नाकी नऊ आले. मी चोर आहे म्हटल्यावर पाऊण तासात काम झालं."

नवरा हसायला लागला. ती हसत नाही म्हटल्यावर थांबला आणि कपडे बाहेर काढून त्यांच्या घड्या घालू लागला.

सासूबाईंनी टॅब दोन-तीनदा चालू करून बघितला. मग त्याला त्याच्या पिशवीत घातलं, पिशवीची चेन लावली आणि, "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या. त्या सुरात बरं काहीच नव्हतं. पुढचे दोन दिवस त्या सुनेशी मीठ-पाण्यापुरतं बोलल्या.

सोमवारी ऑफिसमध्ये ठकीच्या आईने फोन मॉनिटरच्या पायाला टेकवून ठेवला. सवयीने. पान उघडता येत नाही, असं त्याच्यावर आलं. तिने तो पर्समध्ये टाकला. थोड्या वेळाने काढला, बघितला, परत टाकला. पान उघडत नाही हे बघून तिला बरं वाटत होतं. पुढच्याच क्षणी, ठकी आत्ता काय करतेय, हा प्रश्न येऊन छातीवर बसत होता. खोकत असेल. पडली असेल. वकिलांच्या मुलीच्या शेजारी बसली असेल. आधी यातलं काही झालं तरी निदान दिसायचं. दिसून ती काही करू शकत होती असं नाही, तरीही.

"बरी आहे का?" सहकाऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली, आणि आपणच इतक्या जोरात बोललो म्हणून दचकली.

संध्याकाळी ती चपलांच्या कपाटापाशी थांबली. जुळ्यांची आई तिच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता आत गेली. चष्मा बाबांनी बघितलं, पण लगेच डब्याची पिशवी मागे लपवली. वकील बाबा बाहेर पडता पडता थबकले. इकडे तिकडे बघून, आवाज उतरवून म्हणाले, "आमच्या ऑफिसात पण तसलीच पेटी आहे. बाहेरून दिसत असेल का हो?"

तोंडावर आलेलं सगळं गिळायला तिला जरा वेळ लागला.

"आवृत्ती कुठली?"

"ते कुठे बघायचं?"

"पानाच्या तळाशी. बारीक अक्षरांत. अपडेट टाकून घ्या. आणि बाहेरून बंद करा."

"पासवर्ड अवघड आहे आमचा."

तिने नुसतं दाराशेजारच्या भिंतीकडे बघितलं. वकील बाबांनी स्वतःच मान हलवली, "हां, बरोबर, बरोबर," म्हणाले आणि मुलीला घेऊन घाईने निघाले. मुलीने जाता जाता दात दाखवले.

मावशी ठकीला घेऊन दारापाशी आल्या.

"जेवली का?"

"जेवली."

"सगळं?"

"सगळं की."

"झोपली का? रडली नाही ना? सर्दी वाटतेय का हो?"

"ताई," मावशी म्हणाल्या, "तुम्हाला तर दिसतं म्हणे सगळं."

"आता नाही दिसत."

मावशींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. "झोपली. थोडी रडली. मग मी घेतलं तर थांबली," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या.

ठकीला कडेवर घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की ठकीच्या एका पायात भलत्याच मुलाचा मोजा आहे, हिरवा, टाचेला भोक पडलेला. ठकीच्या कपाळावर कसला तरी डाग होता, तो रंगाचा होता की आणखी कशाचा, थुंकी लावून पुसल्यावरही कळेना. "हा कुणाचा गं? कधी घातला? कुणी घातला?" तिने विचारलं. ठकीला तो प्रश्न फार आवडला. तिने मोज्याकडे बोट दाखवलं, पाळणाघराकडे दाखवलं, आणि हात हलवून, डोळे मोठे करून, मध्येच आवाज चढवून सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. घर येईपर्यंत ती थांबली नाही. तिला अजून बोलता येत नव्हतं.